चार रंगांतला डोंगर



गेल्या श्रावणात धाकट्या बंधूंचा दूरध्वनी आला. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर ते मुद्द्यावर आले. "अण्णा, एकदा घरी येऊन जा. पोरीला चार आकडे मांडून दाखवा. माझं ऐकत नाही; तुमचं ऐकेल."

बंधूंचे कागद आणि लेखनसाहित्याचे घाऊक दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, बंधूंनी वाढवले. त्यांची कन्या उपयोजित कलेची पदविका घेऊन दोन वर्षांपूर्वी परतली, तेव्हा ती दुकानाला जोडून लग्नपत्रिकांचा विभाग काढेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. तिने मागील गोदामातील अर्धी जागा मागून घेतली, हे खरे. परंतु तिथे पत्रिका न छापता तिने डोंगर छापायला सुरुवात केली. घाटातील सायकलस्वार, गडाच्या पायवाटेवरील ट्रेकर, पावसात धावणारी मुलगी अशी तिची भित्तिचित्रे; आणि तीही संगणकाच्या छपाईयंत्रावर नव्हे, तर स्क्रीनवर, हाताने, एकेक रंग ओढून. बंधूंचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्त होता. जे यंत्र मिनिटात छापते, ते हाताने आठवडाभर छापण्यात शहाणपण कोणते?

चौतीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासलेला मनुष्य मी. आकडे मांडून नकार देणे हा माझा हातखंडा. त्याच तयारीने मी गेलो.

"जय जिनेंद्र, अण्णाकाका," म्हणून पुतणीने स्वागत केले आणि चहाच्या आधी गोदामातच नेले. भिंतीवर एका जुन्या अमेरिकन भित्तिचित्राची प्रतिकृती होती. तिची हकीकत तिने सांगितली. पुढे मी स्वतःही त्याविषयी वाचन केले. ती हकीकत आपल्यासारख्या व्यापारी घरांनी अवश्य ऐकावी अशी आहे.

१९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेत लक्षावधी लोक बेकार झाले. त्यांत चित्रकारही होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये रोजगाराची मोठी योजना काढली आणि तिच्यात चित्रकारांनाही पगारी काम दिले. त्यांच्याकडून सार्वजनिक उपयोगाची भित्तिचित्रे करून घेण्यात येऊ लागली. आरंभी ती एकेक करून हाताने रंगवली जात. न्यूयॉर्क येथील विभागात अँथनी व्हेलोनिस या कलावंताने दुकानांच्या पाट्यांसाठी वापरली जाणारी स्क्रीनछपाई या कामात आणली, आणि एका चित्राच्या शेकडो प्रती निघू लागल्या. या योजनेत सुमारे ३५,००० निरनिराळ्या चित्रांच्या मिळून वीस लाखांच्या आसपास प्रती छापल्या गेल्या, असे मानले जाते. आज त्यांतील जेमतेम दोन हजार शिल्लक असल्याचे सांगतात.

त्याच काळात, १९३८ ते १९४१ या वर्षांत, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे राष्ट्रीय उद्यान खात्याच्या कार्यशाळेत उद्यानांसाठी चौदा भित्तिचित्रे तयार झाली. पहिले ग्रँड टीटनचे. पुढे यलोस्टोन, योसेमिटी, झायन, ग्रँड कॅन्यन आदींची. वनरक्षकांबरोबरची भटकंती, शेकोटीभोवतीची व्याख्याने यांची माहिती पर्यटकांना देणे, एवढाच त्यांचा हेतू. प्रत्येकाच्या फार तर शंभरेक प्रती निघाल्या आणि त्या आसपासच्या गावांत सूचना म्हणून लावल्या गेल्या. मग महायुद्ध आले, काम थांबले, आणि ती चित्रे विस्मरणात गेली.

१९७० च्या दशकाच्या आरंभी ग्रँड टीटन उद्यानात हंगामी वनरक्षक असलेल्या डग लीन या तरुणाला एका कोठाराची सफाई करताना जाळण्याच्या ढिगाऱ्यात जाणारे असे एक भित्तिचित्र सापडले. त्याने ते वाचवले आणि पुढे अनेक वर्षे बाकीच्यांचा शोध घेतला. सरकारी दप्तरात त्याला तेरा चित्रांची छायाचित्रे मिळाली. परंतु सर्व कृष्णधवल! रेषा हाती आल्या, रंग हरवले. जुळवाजुळव करून, अंदाजाने रंग ठरवून ती चित्रे पुन्हा छापण्यात आली. नंतर काही अस्सल प्रती उजेडात आल्या, तेव्हा काही रंग निराळे होते असे दिसून आले.

एवढे सांगून पुतणीने फडताळातून एक जाड वही काढली. कोणता रंग किती ग्रॅम, त्यात कोणता किती मिसळला, हे सर्व तारीखवार लिहिलेले आणि शेजारी त्या रंगाचा ठिपका. "काका, त्या लोकांनी ही एक वही ठेवली असती, तर पुढच्यांना चाचपडावं लागलं नसतं." खतावणी पाहून समाधान पावणारा मी, माझी पहिली तटबंदी तिथेच ढासळली.

आता ही छपाई होते कशी, ते सांगतो. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बारीक विणीचे कापड ताणून बसवतात. त्याला बाजारात बोल्टिंग क्लॉथ म्हणतात. कागदासाठी ते सेंटीमीटरला साधारण ९० ते १२० धाग्यांचे लागते, कापडावर छापायचे असेल तर ४०-५० धाग्यांचे पुरते. त्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप अंधुक उजेडात लावून वाळवतात. पारदर्शक फिल्मवर काळ्या रंगात काढलेले चित्र त्यावर ठेवून प्रखर प्रकाश देतात. प्रकाश लागलेला लेप कडक होतो. काळ्या चित्राखालचा मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. जिथे लेप गेला, तिथून रंग खाली उतरणार. बाकी जाळी बंद. मग रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, रंग ओढायचा. एका रंगाला एक स्क्रीन. चार रंग म्हणजे चार स्क्रीन, आणि प्रत्येक कागदावर चार वेळा हात.

आमच्या मातोश्री तिथेच खुर्चीवर बसून ऐकत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी; परंतु कान शाबूत. त्यांनी विचारले, "याला रेशमी छपाई म्हणतात ना? मग जाळी रेशमाची?" प्रश्न आपल्या घरांत पडणारच असा. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर कित्येक दशके जाळी खरोखरच रेशमाची असे. प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपातही पूर्वी प्राणिज जिलेटिन असे. आज जाळी पॉलिस्टरची असते आणि लेप कृत्रिम रसायनांचा. पुतणीने डब्यावरील घटकद्रव्ये आजीला वाचून दाखवली. आई एवढेच म्हणाल्या, "मग नाव बदला." आमच्या घरात तेव्हापासून 'जाळीची छपाई' हाच शब्द रूढ झाला आहे.

आता चित्राच्या मांडणीविषयी. मला वाटत होते की रंग कमी वापरणे ही नाइलाजाची काटकसर असावी. तशी ती आहेही. परंतु त्या काटकसरीतूनच या चित्रांची शैली जन्मली आहे. छायाचित्रात डोंगराच्या हजार छटा असतात. जाळीवर चारच रंग परवडतात. म्हणून चित्रकाराला आधी ठरवावे लागते की या डोंगरात आवश्यक ते काय. जवळचा सुळका गडद, मधली रांग मध्यम, दूरची फिकट, त्यामागे आकाश. सह्याद्रीत पहाटे उभे राहिलेल्या प्रत्येकाने हे थर डोळ्यांनी पाहिलेले आहेत. पुतणीच्या चित्रात साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाणारा घाट होता आणि त्यावर एकटा सायकलस्वार, अंगठ्याएवढा. "माणूस मोठा काढला तर जाहिरात वाटते, लहान काढला की डोंगर मोठा होतो," असे तिचे म्हणणे.

तिने पहिल्या स्क्रीनने आकाशाचा फिकट केशरी छापला, दुसऱ्याने दूरच्या रांगांचा राखी निळा. तिसरा हिरवा रंग तिने मुद्दाम पारदर्शक ठेवला. तो निळ्यावर पडला तिथे गर्द रानाचा रंग आपोआप तयार झाला आणि केशरीवर पडला तिथे वाळक्या गवताचा. चौथ्या गडद रंगात सायकलस्वार आणि कातळाच्या रेषा. रस्ता मुळी छापलाच नाही. तो म्हणजे कोरा कागद. मी मोजले, चार रंग खर्ची पडले होते आणि कागदाचा धरून सात जमा झाले होते. असा ताळेबंद मी बँकेत क्वचितच पाहिला.

मग मी खरोखरच ताळेबंद मांडायला बसलो. चार स्क्रीन तयार करण्याचा खर्च, छपाई एक प्रत असो वा शंभर, २,४०० रुपये. वाणिज्य शाखेत आम्ही याला स्थिर खर्च म्हणतो. चांगला जाड कागद, रंग वगैरे मिळून प्रत्येक प्रतीला ६० रुपये. हा बदलता खर्च. तेवढ्याच आकाराची संगणकीय छपाई बंधूंच्या ओळखीच्या ठिकाणी १२५ रुपयांना एक. तिथे स्थिर खर्च जवळजवळ नाही. म्हणजे ३७ प्रतींच्या आसपास दोन्हींची बरोबरी होते. साठ प्रती छापल्या तर एकूण ६,००० रुपये, प्रतीला शंभर. हाताची छपाई स्वस्त पडते, परंतु स्वतःची मजुरी धरली नाही तरच. मजुरी धरली की गणित उलटते.

त्यात आणखी एक संकट आले होते. पहिले दोन रंग उघडिपीत छापले आणि तिसऱ्या दिवशी झड लागली. दमट हवेत कागद किंचित फुगतो. डोळ्यांना दिसत नाही; पण तिसरा रंग केसभर सरकतो आणि रांगेच्या कडेला पांढरी फट दिसू लागते. साठांपैकी बावीस कागद बिघडले. आता ती कागद दोन दिवस आधीच छपाईच्या खोलीत मोकळे ठेवते आणि चारही रंग हवा पालटण्याआधी संपवते. परंतु हे शहाणपण बावीस कागदांची किंमत मोजून आले. उरल्या अडतीस प्रती. खर्च सहा हजार तोच. म्हणजे प्रतीला १५८ रुपये.

बंधू म्हणाले, "बघा अण्णा, आता तुम्हीच सांगा."

मी सांगणार तोच पुतणीने त्या अडतीस प्रती समोर मांडल्या. प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने क्रमांक होता: १/३८, २/३८, असा शेवटपर्यंत. मागील बाजूस दोन ओळी: या चित्राच्या एवढ्याच प्रती छापल्या आहेत, पुन्हा छापल्या जाणार नाहीत. किंमत ६५० रुपये. बिघडलेल्या कागदांना तिने क्रमांक दिला नव्हता. 'हातकामाची मौज' म्हणून ते खपवलेही नव्हते. त्यांच्या पाठकोऱ्या वह्या बांधून दुकानात दहा-दहा रुपयांना ठेवल्या होत्या. दिवाळीपर्यंत अडतीसही प्रती गेल्या. २४,७०० रुपये आले. खर्च वजा जाता १८,७०० उरले. त्यात तिचे चित्र काढण्याचे आणि छपाईचे मिळून तेरा दिवस. फार नव्हे, परंतु नकार देण्यासारखेही नव्हे.

खरा पेच त्यानंतर उभा राहिला.

एका सायकल क्लबचे पदाधिकारी दुकानात आले. वार्षिक घाटफेरीच्या सहभागींना भेट म्हणून त्यांना हेच यवतेश्वराचे चित्र हवे होते. दोनशे प्रती, पाचशे रुपये दराने. एक लाखाची ऑर्डर. फिल्म जपून ठेवलेल्या होत्या, रंगांची वही होती. फक्त स्क्रीन पुन्हा तयार करायचे. खर्च १४,४०० रुपये. राहणारी रक्कम ८५,६००. आणि पुतणीने नाही म्हटले.

बंधू विलक्षण संतापले. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. "ग्राहक पैसे घेऊन दारात उभा आहे आणि आपल्याजवळ माल करण्याची ताकद असताना नाही म्हणायचं? आजोबांनी अर्ध्या रात्री दुकान उघडून परीक्षेच्या मुलांना वह्या दिल्या आहेत. ग्राहकाला परत पाठवणं हा कुठला धर्म?" मला पुन्हा बोलावणे आले.

प्रामाणिकपणे सांगतो, मीही प्रथम बंधूंच्याच बाजूचा होतो. मी तोडगाही काढला. नवीन प्रतींवर क्रमांक घालू नये, मागील दोन ओळी छापू नयेत. जुन्या ग्राहकांचे क्रमांक त्यांच्यापाशी अबाधित. कायद्याने कुणी काही म्हणणार नाही. चित्र तिचे, हक्क तिचा.

पुतणी शांतपणे म्हणाली, "अण्णाकाका, मुदत ठेवीच्या पावतीवर तुम्ही व्याजदर लिहून सही करत होतात. पुढे बाजारात दर उतरले, तर मुदत संपायच्या आत तो आकडा तुम्ही बदलला असता का?"

मी गप्प झालो. चौतीस वर्षांत मी हजारो पावत्यांवर सह्या केल्या. त्यांची किंमत कागदाची नव्हती. लिहिले ते पाळले जाईल, या भरवशाची होती. कित्येकदा दर घसरले, बँकेला ते जुने व्याज जड झाले. तरी एकाही ठेवीदाराला मी दारातून परत पाठवले नाही. त्या अडतीस जणांनीही १५८ रुपये खर्चाच्या कागदाला ६५० दिले, ते याच भरवशावर. माझ्या तोडग्यात कायदा शाबूत होता, शब्द मात्र नव्हता.

घरी परतताना ती अमेरिकन चित्रे पुन्हा आठवली. दुर्मिळता दोन प्रकारची असते, हे मला त्या दिवशी उमगले. एक अपघाताने येते: शंभर छापली, नव्वद-पंच्याण्णव वाऱ्यापावसात गेली, उरली त्यांना मोल आले. त्यात छापणाऱ्याचे कर्तृत्व काही नाही. दुसरी शब्दाने येते: शंभर छापता आली असती, पण अडतीसच छापली आणि तिथे हात आवरला. ही दुर्मिळता छापणाऱ्याच्या संयमावर उभी असते, आणि तो सुटला की एका दिवसात नाहीशी होते.

तथापि बंधूंचा मुद्दाही खोटा नव्हता. ग्राहक दारात होताच. तेव्हा दुसऱ्या दिवशी तिघे एकत्र बसलो. पुतणीने क्लबच्या लोकांना स्वच्छ सांगितले, "हे चित्र मिळणार नाही; तुमच्यासाठी नवीन काढते. त्यावर क्रमांक नसेल आणि ते पुन्हाही छापले जाईल, हे आधीच सांगते." तीन आठवड्यांची मुदत होती. तिने कासच्या पठारावरची कारवी निवडली, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी, आणि तिच्यामागून जाणारी सायकलस्वारांची रांग. खर्च आवरण्यासाठी रंग तीनच. क्लबने विचार करतो म्हटले आणि अखेरीस दोनशेऐवजी १२० प्रती घेतल्या, पाचशेऐवजी साडेतीनशेने. लाखाच्या जागी ४२,००० रुपये. हा फरक मी लपवत नाही. दिलेला शब्द नेहमी नफ्यातच पडतो, असे सांगणारा हिशेबनीस मी नव्हे.

या मार्गाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना माझ्या जुन्या पेशामुळे तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली: आरंभ लहान ठेवा. दोन-तीन चौकटी, एक टेबल, प्रकाश देण्याची पेटी आणि धुण्याची सोय एवढ्यावर काम सुरू होते. ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात बसते. दुसरी: चित्र स्वतःचे असावे. कुणाचे छायाचित्र समोर ठेवून त्याचे भित्तिचित्र करणे ही उसनवारी आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे टिकतो. आपली पोरगी पहाटे घाटात जाऊन बसत असेल, तर त्या वेळेला वाया गेलेली म्हणू नका. तो तिचा कच्चा माल आहे. तिसरी: वही ठेवा. रंगांचीही, शब्दांचीही.

परवा दुकानात बसलो होतो. एक गृहस्थ आले. त्यांनी कुणाच्या तरी घरी घाटाचे ते पहिले चित्र पाहिले होते. हजार रुपये देण्याची त्यांची तयारी होती. पुतणी गोदामात होती. गल्ल्यावर बंधू. मी मुद्दाम वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"ते संपलं साहेब," बंधू म्हणाले. "अडतीसच होती. पुन्हा नाही छापत आम्ही."

मग त्यांनी स्वतः उठून कारवीचे चित्र काढले, टेबलावर पसरले, आणि त्यावर बटरपेपर घालता घालता त्या गृहस्थांना समजावू लागले की यात रंग तीनच आहेत. पण नीट मोजा.